पहिल्या खटक्यावरची होडी

वडगाव मावळ,
ता. १ नोव्हेंबर १९४६

प्रिय कादरभाई,

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न फोडताच फळीवर ठेवून द्याल अशी धास्ती वाटली, म्हणून ते नजमाच्या नावानं पाठवतो आहे. नजमा, तू माझ्या शाळेत चौथीपर्यंत होतीस आणि वर्गात सगळ्यांत खणखणीत वाचायचीस. तसंच वाच. अब्बा मध्येच 'पुरे' म्हणतील, तरी थांबू नकोस. माझ्या बोलण्याला ते किती वेळा 'पुरे' म्हणाले असतील कुणास ठाऊक. मी थांबलो तो एकदाच. त्या एका वेळेबद्दल आज लिहायचं आहे.

आधी इकडची खबर सांगतो. दिवाळी होऊन आठवडा गेला. इंद्रायणीकाठचं भात पिवळं पडलंय, कापणी सुरू आहे, शाळेत निम्मी पोरं येत नाहीत. मी अजून तीच शाळा चालवतो, आणि आपल्या मावळ आरोग्य मंडळाचा चिटणीसही मीच आहे. वलवण धरणाच्या धक्क्यावर मंडळाची होडी, पलीकडच्या वाड्यांतले आजारी दवाखान्यात आणायची, दोन पावसाळे पालथी पडून होती, ती परवा सरळ केली. बुडाला बोटभर शेवाळ होतं. तुम्ही बसवलेली मोटार मात्र तुमच्या गोणपाटात जशीच्या तशी निघाली. गंज नाही. लढाई संपली तरी पेट्रोल काही मिळत नाही, तेव्हा होडी पुन्हा विजेवरच चालवायची असं ठरलं आणि बाटरीचे बारा नवे शेल आले. ते धक्क्यावरच्या खोलीत ओळीनं मांडून ठेवले आहेत. येणारा-जाणारा बघतो आणि म्हणतो, "जुनी बाटरी कादरनं मारली, नाही का? पाणी घालायलाच विसरला गडी." हे मी कानांनी ऐकतो आणि पुढं जातो. दोन वर्षं असाच पुढं जात आलोय. ज्या माणसानं तीस वर्षं रेल्वेच्या डब्यांच्या बाटऱ्या सांभाळल्या, लोणावळ्याच्या चार्जिंगच्या खोलीत ज्याच्या शब्दाबाहेर एक शेल हलत नव्हता, त्याचं नाव ह्या एका वाक्याखाली दबलं आहे. ते वर काढायचं की तसंच राहू द्यायचं, हे फक्त माझ्या हातात आहे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पण आज मला तक्रार लिहायची नाही, स्वतःविरुद्धसुद्धा नाही. तुमचे आभार मानायचे आहेत, आणि ते नीट मानायचे तर सगळं सांगावं लागेल. तुम्हाला हे सारं ठाऊक आहे. तरी माझ्या बाजूनं ते कसं दिसलं हे तुम्ही मला कधी बोलू दिलं नाहीत.

तुम्हाला आठवतं का, होडी आली तेव्हा मी धक्क्यावर उभा राहून केवढं बोललो होतो! मुंबईच्या कुणा शेठजींची जुनी लाँच, तिचं इंजिन काढलेलं, आत तुम्ही लिलावातून आणलेले डब्यांचे बारा शेल. मी विजेच्या युगावर बोललो, परदेशी शास्त्रज्ञांची नावं घेतली, माणसानं ढगातली वीज बाटलीत कशी कोंडली ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मागं उकिडवे बसून एकेका शेलात किती वीज आहे ते मोजायची काचेची नळी बुडवत होतात. सगळे गेल्यावर मला म्हणालात, "मास्तर, ढगातली वीज ह्यात न्हाई. ह्यात मी काल रातभर भरली तेवढीच हाय. तेवढ्यात जायचं आन् तेवढ्यातच यायचं."

मग तुम्ही मला तुमचा नियम सांगितलात. भरलेल्या बाटरीचे मनातल्या मनात तीन वाटे करायचे. एक जायला, एक यायला, आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. मी विचारलं, तिसरा कशासाठी? तुम्ही म्हणालात, "ते आपल्याला आधी कळत आसतं तर वाटा कशाला काढून ठिवायचा?" मी हसलो आणि वहीत टिपून घेतलं, कारण भाषणात वापरता येईल असं वाटलं. वापरलंही. तळेगावात, कामशेतला, माणसानं शक्ती राखून ठेवावी ह्यावर घसा फोडून बोललो. स्वतःला लावून घेतलं नाही एवढंच.

खटक्यांचं गणितही तुम्हीच शिकवलंत. पहिल्या खटक्यावर होडी बाईमाणसाच्या चालीनं जाते, तिसऱ्यावर धावते. मला वाटायचं, दुप्पट वेग म्हणजे दुप्पट वीज. तुम्ही म्हणालात, दुप्पट कशाची, पाच-सहा पट. पाणी ढकलायचं असतं, आणि घाई करणाऱ्याला पाणी जास्त अडवतं. पहिल्या खटक्यावर उंबरवाडीला जाऊन येऊन पुन्हा अर्ध्यापर्यंत जाता येतं, तिसऱ्यावर निघालात तर येताना वल्ही मारायची. मी खुर्चीत बसून शेकडो पुस्तकं वाचली आहेत, कादरभाई. इतकं सरळ मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पावसाचं पाणी धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून गाळून शेलात कसं घालायचं, दिवा उगाच का जाळायचा नाही, दमलेली बाटरी घटकाभर निजवली तर उठून चार पावलं जास्त कशी चालते, हे सगळं मी तुमच्याकडून शिकलो आणि तुमचं नाव न घेता दुसऱ्यांना शिकवलं.

आता त्या दिवसाकडे येतो. एकोणीसशे चव्वेचाळीसचा श्रावण, दुपारची वेळ. ऊन-पाऊस चाललेला. उंबरवाडीत माझं भाषण होतं. पाण्याच्या पलीकडे असल्यानं वाडीला रस्ता नाही, पावसाळ्यात सगळे ओढे भरलेले, होडीनं अडीच मैल. विषय माझा नेहमीचाच: अडलेल्या बाईला घरात ठेवू नका, दवाखान्यात आणा. ह्या विषयावर माझं मत किती कडक आहे आणि का आहे, हे तुम्हाला सांगायला नको. माझी थोरली बहीण सासरी तीन दिवस अडून गेली, आणि गाव दाराबाहेर बसून होतं. त्या रागावरच मी वीस वर्षं बोलत आलोय. राग खराच होता, पण रागाला श्रोते मिळाले की त्याची गोडी लागते, हे मला उशिरा समजलं.

त्या दिवशी मी पुण्याहून भोंगा मागून आणला होता. मोठ्ठा, पितळी तोंडाचा, त्याची पेटी उचलायला दोन माणसं. आणि त्याची स्वतःची बाटरी उतरलेली निघाली. मी म्हटलं, होडीच्या बाटरीला जोडा. तुम्ही ठाम नाही म्हणालात. "मास्तर, हा भोंगा किती पितो ठावं हाय का? समोर पन्नास माणसं आसणार. तुमचा आवाज तर धरणाच्या भिंतीला थडकून माघारी येतो. भोंगा कशाला पायजे?" मी त्यावर काय काय नाही बोललो! शेवटी म्हणालो, की एका बाईचा जीव वाचला तर तुमची बाटरी सार्थकी लागेल. हे वाक्य मी तुमच्याशी बोललो, कादरभाई. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि तारा जोडल्यात. वर मी उशिरा पोचलो होतो म्हणून तुम्हाला सबंध वाट तिसऱ्या खटक्यावर होडी हाणायला लावली.

वाडीखालच्या काठाला होडी लागली, भोंग्याचं तोंड डोंगराकडं केलं, आणि मी होडीतच उभा राहून बोलायला लागलो. पाऊण तास ठरला होता. मी पावणेदोन तास बोललो. मधून मधून तुम्ही एक बोट वर करत होतात, मग दोन. तुम्ही संपलेले वाटे मोजत होतात; मला वाटलं, माझा मुद्दा पटला म्हणून तुम्ही दाद देताय! त्या दिवशी मी सुईणींना सोडलं नाही. त्यांच्या नखांतली घाण, त्यांचा अडाणीपणा, त्यांचा हट्ट, सगळं भोंग्यातून डोंगरावर फेकलं. समोर बसलेल्या बाया खाली बघत होत्या. मला वाटलं, शरमेनं बघतायत.

आणि वरच्या झोपड्यांतून अंबूबाई उतरत आली. वाडीची सुईण तीच. माझं एकूण एक वाक्य तिनं वर ऐकलं होतं, कारण भोंगाच तसा होता. कोपरापर्यंत हात ओले, पदर खोचलेला. काठावर येऊन ती उभी राहिली आणि माझं वाक्य संपायची वाट बघितली. मग म्हणाली, "मास्तर, तुमचं झालं का? झालं आसंल तर होडी द्या. माजी सून अडलीया. मूल आडवं हाय, हात भायेर आलाय. माज्यानं व्हायाचं न्हाई. तिला लोणावळ्याला न्या."

वीस वर्षं मी ज्या वाक्यासाठी बोलत होतो ते एका सुईणीनं माझ्या तोंडावर म्हटलं होतं. आनंद व्हायला हवा होता. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही तेव्हा शेलांवर वाकून नळी बुडवत होतात. पहिला, दुसरा, बाराच्या बारा. तोंडातून फक्त नळीवरचा आकडा काढलात, "अकराशेतीस." मला त्याचा अर्थ कळत होता, तुम्हीच शिकवला होतात. भरलेली बाटरी साडेबाराशे दाखवते, अकराशेवर ती मेली. जायचा वाटा आणि यायच्यातलाही काही मी घाईत उडवला होता, उरलेला बोलण्यात, आणि तिसऱ्यातलाही बराचसा. वाडीपासून धक्क्यापर्यंत अडीच मैल पाणी, आणि वर झोपडीत विसाव्या वर्षी अडलेली अंबूबाईची सून, रतन.

तुम्ही तारा तोडल्यात आणि म्हणालात, "भोंगा खाली. पेटी खाली. बाकं, खुर्ची, तुमचा बुकांचा गठ्ठा, सगळं खाली." कोंडाजीनं, रतनच्या नवऱ्यानं, सगळं काठावर फेकलं. मी पण उतरायला निघालो, वजन तेवढं कमी होईल म्हणून. तुम्ही माझ्या दंडाला धरलंत. "तुमी न्हाई उतरायचं. वल्हं कोण मारणार? एक कोंडाजी, एक तुमी." उन्हापावसासाठी आणलेली ताडपत्री तुम्ही दोन बांबूंना बांधून पुढं उभी केलीत. वारा घाटाकडून येत होता, पाठीशी. तोवर रतनला झोळीतून आणलं, फळ्यांवर घोंगडी टाकून निजवलं. अंबूबाई तिच्या उशाला बसली.

पहिला मैलभर तुम्ही मोटार लावलीच नाहीत. वारा आणि वल्ही. मी आयुष्यात वल्हं मारलं नव्हतं. हाताची सालं गेली, कोंडाजी मला म्हणाला, "मास्तर, पानी मागं ढकला, वर काय उडवताय? तोंडाला आंघोळ न्हाई घालायची." एरवी मी हसलो असतो. रतन कण्हायची, मग गप्प व्हायची, आणि ती गप्प झाली की कोंडाजीचं वल्हं थांबायचं. मी अधूनमधून मोटारीकडं बघायचो. तुम्ही म्हणालात, "तिला निजू द्या. भोंग्यानं लय दमवलीय. उठवायची जागा मला ठावं हाय."

ती जागा मोठ्या ओढ्याचं तोंड होती. तिथं डोंगराला खिंड आहे, वारा आडवा होतो, ताडपत्री फडफडून उलटी पडली, होडी कडेकडे सरकायला लागली. तुम्ही पहिला खटका दिलात. मोटार घुमली, हळूच, मांजर घुरघुरतं तशी. होडीनं तोंड सरळ केलं. मला राहवलं नाही. वाटलं, ह्या पोरीला धीर द्यावा. मी वल्हं मांडीवर टेकवून बोलायला लागलो, की बाई, घाबरू नकोस, विज्ञान आता इतकं पुढं गेलंय की... आणि तुम्ही मागं न बघता म्हणालात, "पुरे." तेवढंच. ओरडून नाही. मी वाक्य अर्धं सोडलं आणि वल्हं उचललं. तेव्हाच मला ऐकू आलं की अंबूबाई रतनच्या कानाशी केव्हापासून काहीतरी पुटपुटतेय, एकच शब्द पुन्हापुन्हा, आणि रतन त्या शब्दावर श्वास घेतेय. माझ्या आवाजात ते बुडालं असतं.

ओढा ओलांडल्याबरोबर तुम्ही मोटार बंद केलीत. पुन्हा वारा, पुन्हा वल्ही. एकदा नळी बुडवून तिच्यातल्या तरंगत्या खुणेकडं बघत तुम्ही बोललात, माझ्याशी की स्वतःशी मला कळलं नाही. "माजी घरवाली, कमरजहाँ, अशीच गेली. डोलीत. नजमा दोन वर्सांची व्हती." एवढ्या वर्षांच्या ओळखीत तुम्ही हे मला कधीच सांगितलं नव्हतं. मी माझ्या बहिणीची गोष्ट शंभर गावांत सांगितली होती. तुम्ही तुमची एकदा सांगितलीत, आणि तीही वल्ही थांबू नयेत इतक्या हळू.

शेवटचं पाव मैल पाणी. वारा पडला. कोंडाजीचे हात चालत होते, माझे नव्हते. धक्क्यावरची माणसं दिसायला लागली होती, अंबूबाई म्हणाली, "लवकर करा, ती थंड पडतीया." तुम्ही खटका दिलात. मोटार चालली, मग तिचा आवाज खाली खाली जायला लागला. तो आवाज काय सांगतो ते तुम्हीच मला शिकवलं होतं: इथं थांबायचं. ह्याच्या पुढं बाटरी चालवली की आतल्या पत्र्यांची राख होते, ती पुन्हा उभी राहत नाही. तुम्ही त्या बारा शेलांना पोरांसारखं वाढवलं होतं. उन्हाळ्यात त्यांच्यावर ओलं गोणपाट टाकायचात, आणि कुणी नुसतं टेकलं तरी तुमचा जीव खालीवर व्हायचा. मी तुमचा हात बघत होतो. तो खटक्यावर होता. बंद करायला किती वेळ लागतो? तुम्ही बंद केलं नाहीत. खटक्यावरून हात काढून तुम्ही तो एका शेलावर ठेवलात आणि म्हणालात, "जा आता." होडी धक्क्याला लागली तेव्हा मोटार आधीच थांबली होती, शेवटचे दहा हात आम्ही आधीच्या वेगाच्या जोरावर आलो.

दिवेलागणीला लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोट उघडून मुलगी काढली. रतन जगली, मुलगी जगली. मी धावत धक्क्यावर सांगायला आलो. तुम्ही एकेक शेल फडक्यानं पुसत होतात, मेलेले शेल, आणि बातमी ऐकून फडकं डोळ्यांना लावलंत. ते आम्लाचं फडकं होतं, डोळे चुरचुरले असतील. मी बोलायला तोंड उघडलं, की कादरभाई, हे सगळं माझ्यामुळं. तुम्ही बोलू दिलं नाहीत. "मास्तर, हे कुनाला सांगायचं न्हाई. दवाखान्यात चला म्हणून बोंबलणाऱ्यानंच दवाखान्याची होडी रिकामी केली, आसं झालं की लोक हसतील. हसले की येणार न्हाईत. बाया घरात मरतील. मी म्हातारा हाय. पाणी घालायचं ऱ्हायलं आसं सांगतो. मला काय, गावाकडं वराळ्याला जाईन, लेकीच्या हातची भाकरी खाईन." मी 'नको' म्हटलं. एकदाच म्हटलं. किती पटकन ऐकलं मी तुमचं! एरवी तुमचं कधी ऐकलं होतं?

मंडळाच्या सभेत तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "पाणी घालायचं ऱ्हाऊन गेलं." बाटरीवाल्यानं हे म्हणणं म्हणजे आईनं पोराला पाजायला विसरले म्हणण्यासारखं. कुणीतरी मागून म्हणालं, "वय झालं." दुसरा म्हणाला, "आता नवा माणूस बघा." मी त्या सभेत चाळीस मिनिटं बोललो, उंबरवाडीच्या बाईला दवाखान्यात कसं आणलं ह्यावर. मला शाल दिली. पुण्याच्या एका वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. तुम्ही दाराजवळ बसला होतात आणि टाळ्या वाजवत होतात, आणि मी स्वतःची समजूत घातली की हे कार्यासाठी आहे. खोटं नव्हतंच ते पुरतं. त्या वाड्यांतून तेव्हापासून अकरा बाया झोळीत घालून दवाखान्यात आणल्या गेल्या आणि नऊ धडधाकट घरी परतल्या. तुमचं म्हणणं खरं ठरलं. पण कार्य आणि माझी शाल ह्या एकच गोष्टी नव्हेत, हे मला त्याच दिवशी दिसत होतं. उंबरवाडीची माणसं होडीत होती, त्यांनी बघितलं होतं, पण वाडीच्या माणसांना बाटरीतलं काय कळतंय, असं मी धरून चाललो. कळणारी माणसं दोनच, तुम्ही आणि मी, आणि तुम्ही बोलणार नव्हतात.

आता मी आभार मानतो. तुम्ही त्या दिवशी दोन जीव वाचवलेत त्याचे, मला वल्हं मारायला लावलंत त्याचे, पावणेदोन तास बोलणाऱ्या माणसाला एका शब्दात थांबवलंत त्याचे. त्यानंतरचं प्रत्येक भाषण मी पाऊण तासात संपवतो, आणि सुईणींना शिव्या देत नाही, त्यांना आधी बोलायला लावतो. लोक म्हणतात, मास्तर बदलले. कुणामुळे ते कुणी विचारत नाही, आणि मीही सांगत नव्हतो.

इथपर्यंतचं शुक्रवारी लिहून झालं होतं, कादरभाई. आज सोमवार. पत्र मी मुद्दाम टाकलं नव्हतं. काल वलवणच्या धक्क्यावर नव्या शेलांसाठी सभा होती, मंडळाची माणसं होती, पलीकडच्या वाड्यांतून माणसं आली होती, आणि भाषण माझं होतं. मी हे पत्र काढलं आणि पहिल्या ओळीपासून इथपर्यंत वाचून दाखवलं. तुमची परवानगी घेतली नाही, कारण तुम्ही दिली नसती. वाचून झाल्यावर कुणी टाळी वाजवली नाही, आणि मी होडीची कड धरून उभा राहिलो. मग अंबूबाई उठली. म्हणाली, "मास्तर, बसा आता. आमाला समदं ठावं व्हतं. कादरभाईनं माज्या नातीची आन घातली व्हती, म्हनून दोन वर्सं आमी तोंड शिवून बसलो. पर तुमाला कुनी आन घातली व्हती?" मी पत्राची घडी घातली आणि खाली बसलो. त्यानंतर मंडळानं ठराव वगैरे केला, तो वेगळा येईल. पण उंबरवाडी ठरावाची वाट बघत नाही. नव्या शेलांना कादरभाईशिवाय कुणी हात लावायचा नाही असं अंबूबाईनं धक्क्यावरच बजावलं, आणि येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं ती, कोंडाजी, रतन आणि मुलगी तळेगावला उतरून चालत वराळ्याला तुम्हाला न्यायला येताहेत. मीही निघतो म्हणालो, तर ती म्हणाली, "तुमी नगा येऊ. तुमी आलासा की बोलाल." म्हणून मी येत नाही, आणि ती माणसं तुमच्या दारात अचानक उभी राहू नयेत म्हणून हे पत्र पुढं धाडतो आहे. यायचं नसेल तर नजमाकडून दोन ओळी लिहवून घ्या, मी त्यांना थांबवीन, तुम्हाला कुणी दोष देणार नाही. यायचं असेल तर काही लिहू नका. रविवारी फक्त दाराला कडी घालू नका.

तुमचाच, बोलायला दोन वर्षं उशीर केलेला,
दत्तोबा मास्तर